परक्या सैन्याचा मुक्काम

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका अभ्यासवर्गात पश्चिम आशियावर बोलायला गेलो होतो. वेळ संपत आली होती, बाहेर चहाच्या कपांचा आवाज सुरू झाला होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं: ‘सर, २००३ मध्ये अमेरिकेने इराक ताब्यात घेतला. तरी सौदी, कतार, अमिराती, जॉर्डन हे सगळे तिचे दोस्तच राहिले, तिचे लष्करी तळही त्याच भागात आहेत. मग परक्या देशात सैन्य घातलं की मुस्लिम देशांशी संबंध बिघडतात, हे आपण उगाच म्हणतो का? आणि बिघडत नसतील, तर तेव्हा सैन्य पाठवायला नकार देऊन भारताने काय मिळवलं?’ मी घाईत दोन वाक्यं बोललो. ती पुरेशी नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

परराष्ट्र सेवेत माझी तेहतीस वर्षं गेली. त्यातली निम्म्याहून जास्त अरबी बोलणाऱ्या देशांत.

तुझं निरीक्षण खरं आहे, ते आधी मान्य करतो. सरकारं फार काळ रुसून बसत नाहीत. राज्यकर्त्याला गादी सांभाळायची असते, तेल विकायचं असतं, शेजाऱ्याचा धाक असतो. सोव्हिएत रशियाचंच बघ. डिसेंबर १९७९ मध्ये त्याचं सैन्य अफगाणिस्तानात उतरलं. महिन्याभरात इस्लामाबादेत इस्लामी देशांच्या संघटनेने तातडीची बैठक बोलावून निषेध केला. त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १०४ विरुद्ध १८ मतांनी परकीय सैन्य मागे घ्या असा ठराव झाला होता. पुढे नऊ वर्षं युद्ध चाललं. आणि जुलै २०२५ मध्ये तालिबानच्या सरकारला औपचारिक मान्यता देणारा पहिला देश कोणता? रशियाच.

मग बिघडतं काय? माझ्या मते परवानगी जाते. परवानगी म्हणजे नुसता करार नव्हे. विमानाला आकाश ओलांडू देणं, जहाजाला बंदरात येऊ देणं, संसदेत आपल्या बाजूने हात वर होणं, पोलिसाने आधी इशारा देणं, मंत्रालयातल्या कारकुनाने रात्री फोन उचलणं. ही सगळी परवानगीच. दोस्त म्हणवणाऱ्या सरकारलाही पुढच्या वेळी ती देता येत नाही, कारण त्याच्या पाठीमागे माणसं उभी असतात आणि त्या माणसांनी दूरदर्शनवर काहीतरी पाहिलेलं असतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुर्कस्तान. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत आहे. इराकवर उत्तरेकडून चाल करायची तर तुर्की भूमीवरूनच जावं लागणार होतं. अमेरिकेने ६२,००० सैनिकांसाठी वाट मागितली, बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत देऊ केली. चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनची सामग्री घेऊन जहाजं भूमध्य समुद्रात थांबली होती. अंकाऱ्यातल्या सरकारने प्रस्ताव संसदेपुढे ठेवला. १ मार्च २००३ ला मतदान झालं: बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त होती, पण हजर सदस्यांचं स्पष्ट बहुमत म्हणजे २६७ लागत होती. तीन मतं कमी पडली. सत्ताधारी पक्षाकडे ठराव हसत हसत मंजूर होईल एवढं संख्याबळ होतं. त्याच्याच कितीतरी सदस्यांनी साथ दिली नाही, कारण ते आपापल्या मतदारसंघात फिरून आले होते. जहाजं सुएझमधून वळसा घालून कुवेतला गेली.

पुढचा प्रसंग तर अजून लहान, आणि म्हणून जास्त बोलका. ४ जुलै २००३. उत्तर इराकमधल्या सुलेमानियात तुर्की विशेष दलाचं एक ठाणं होतं. अमेरिकन सैनिकांनी त्यावर धाड घातली, ११ तुर्की सैनिकांना पकडलं, त्यांच्या डोक्यावरून पिशव्या चढवल्या आणि सुमारे ६० तास अडकवून ठेवलं. गोळी सुटली नाही, कोणी मेलं नाही. पण तुर्कस्तानात आजही हे प्रकरण ‘चुवाल’ नावानेच ओळखलं जातं. चुवाल म्हणजे पोतं. आपल्या जवानाच्या डोक्यावर मित्रदेशाने पोतं चढवलं, ही गोष्ट तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत झाली. तुर्की सेनाप्रमुख हिल्मी ओझकोक यांनी दोन सैन्यांमधलं हे सर्वांत मोठं विश्वासाचं संकट आहे असं उघड सांगितलं. प्यू या संस्थेच्या पाहण्यांत अमेरिकेबद्दल बरं मत असणारे तुर्क २००० च्या सुमाराला निम्म्याहून थोडे जास्त होते. २००७ मध्ये ते ९ टक्क्यांवर आले. करार तोच, तळ तोच, नाटोही तीच.

आता तू म्हणशील, ही लोकमताची आकडेवारी झाली, तिचं काय घेऊन बसायचं. म्हणून अम्मानमधली एक गोष्ट सांगतो.

२००६ मध्ये मी तिथे होतो. इराकमधून लाखो माणसं जॉर्डन आणि सीरियात आली होती. अम्मानच्या जुन्या पेठेत एक इराकी गृहस्थ जुनी पुस्तकं विकत. बगदादच्या आदमिया भागातले, पेशाने भूगोलाचे शिक्षक. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. अरबी पुस्तकांच्या निमित्ताने मी जायचो, ते इस्तिकानमधून, म्हणजे त्यांच्या छोट्या कमरेच्या काचेच्या पेल्यातून, वाळवलेल्या लिंबांचा काळा चहा द्यायचे. सद्दामवर त्यांचं अजिबात प्रेम नव्हतं. इराणबरोबरच्या लढाईत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता आणि कशासाठी गेला हे त्यांना कोणी सांगू शकलं नव्हतं. एप्रिल २००३ मध्ये रणगाडे आले तेव्हा आपण घराबाहेर उभं राहून पाहिलं आणि आपल्याला वाईट वाटलं नाही, हे ते लपवत नसत.

त्या वर्षाच्या हिवाळ्यात रात्री दोनला त्यांच्या घराचं दार फोडलं गेलं. सैनिक आत आले, बरोबर तोंड झाकलेला दुभाषी. पुरुषांना पालथं पाडून प्लास्टिकच्या पट्टीने हात बांधले. त्यांच्या सत्तरीच्या आईला झोपेतून उठवून अंगणात उभं केलं. डोक्यावर ओढणी घ्यायलाही वेळ दिला नाही. बूट घालूनच सगळ्या खोल्यांतून फिरले, ज्या गालिच्यावर आई नमाज पढायची त्यावरूनही. काही सापडलं नाही. घर चुकलं होतं. जाताना तरुण अधिकाऱ्याने माफी मागितली आणि दाराची भरपाई मागण्यासाठी एक कागद हातात दिला. तो कागद उस्तादांनी एका पुस्तकात ठेवला होता. मला काढून दाखवला. इंग्रजी छापील फॉर्म, रकमेची जागा कोरी. ते तो घेऊन कधीच कुठे गेले नाहीत. आईने दुसऱ्या दिवशी गालिचा गच्चीवर नेऊन धुतला, वाळवला, आणि पुन्हा धुतला.

इराकी माणूस २००३ च्या एप्रिलला साधारणपणे ‘सुकूत’ म्हणतो, म्हणजे पडणं, पाडाव. सुकूतच्या आधी, सुकूतच्या नंतर, असा काळ मोजतात. उस्तादही तसंच बोलायचे. मात्र त्या रात्रीनंतरच्या दिवसांबद्दल बोलताना त्यांचा शब्द बदलायचा: ‘इहतिलाल’, कब्जा. हा बदल मी नंतर किती जणांच्या बोलण्यात ऐकला, सांगता येणार नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या संयुक्त निवेदनात तो शब्द येत नाही. उंबरठ्यावर मात्र तोच असतो.

जॉर्डनचं सरकार अमेरिकेचं दोस्तच होतं, तुझं बरोबर आहे. पण नोव्हेंबर २००५ मध्ये अम्मानच्या तीन हॉटेलांत इराकहून आलेल्या आत्मघातकी हल्लेखोरांनी स्फोट घडवले. एका हॉटेलात लग्नाचा समारंभ चालू होता. पन्नासहून जास्त माणसं गेली. दोस्ती सरकारने केली, किंमत त्या वऱ्हाडाने मोजली.

सौदी अरेबियाचंही तसंच. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा सौदी राजाने स्वतः अमेरिकन सैन्याला बोलावलं आणि तिथल्या ज्येष्ठ धर्मपंडितांनी त्याला संमती दिली. इजिप्त, सीरिया, मोरोक्को, पाकिस्तान, बांगलादेश यांनीही सैन्य पाठवलं. कुवेत फेब्रुवारी १९९१ मध्ये सुटलं. अमेरिकन सैनिक मात्र काही हजारांच्या संख्येने बारा वर्षं राहिले. मक्का-मदिनेच्या भूमीवरचा हा मुक्काम हाच ओसामा बिन लादेनच्या प्रचाराचा पहिला मुद्दा होता. जून १९९६ मध्ये खोबरला स्फोटात १९ अमेरिकन सैनिक ठार झाले. शेवटी २००३ मध्ये ते तिथून निघाले, मुख्य ठाणं कतारला गेलं. आणि मार्च २००७ मध्ये रियाधच्या अरब शिखर परिषदेत राजा अब्दुल्ला यांनी, वॉशिंग्टनच्या जुन्या दोस्ताने, इराकमधल्या अमेरिकन उपस्थितीला बेकायदा परकीय कब्जा म्हटलं. ते भाषण मी अरबीत ऐकलं तेव्हा चमकलो होतो. इतकं उघड बोलणं सौदी राजाला परवडत नव्हतं, पण न बोलणं त्याहून महाग पडणार होतं.

इथे ‘मुस्लिम देश’ या शब्दाबद्दल थांबायला हवं, कारण तुझ्या प्रश्नात तो एका गठ्ठ्यासारखा आला आहे. हा राग धर्मातून येतो असं मला तरी दिसलेलं नाही. तोच तुर्कस्तान ऑक्टोबर २००३ मध्ये इराकमध्ये आपलं सैन्य पाठवायला तयार झाला, संसदेने मंजुरीही दिली. नको कोण म्हणालं? अमेरिकेनेच नेमलेली इराकी शासन परिषद. सुन्नी मुसलमानांचं सैन्य, शेजारचं सैन्य, तरी नको. ऑटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या, अमलाच्या आठवणी होत्या, कुर्दांना तुर्की सैन्याची भीती होती. बेत गुंडाळावा लागला. २०१५ मध्ये सौदी अरेबियाने येमेनमध्ये हवाई मोहीम उघडली आणि पाकिस्तानकडे सैन्य मागितलं, तर पाकिस्तानच्या संसदेने एकमताने तटस्थ राहण्याचा ठराव केला. आखाती देश त्यावरून चांगलेच संतापले. सैन्याच्या अंगावरचा धर्म बघून कोणी दार उघडत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, भारताचा. इथे मला शंभर वर्षं मागे जावं लागेल, कारण दिल्लीत २००३ मध्ये ज्यांनी विचार केला त्यांच्या डोक्यात ही शंभर वर्षं होती, आणि मराठी माणसाने तर ती विसरूच नयेत.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांनी जी फौज पुढे घातली ती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री होत्या, ११७ मराठा होती. डिसेंबर १९१५ पासून ही फौज तैग्रिसकाठी कुत अल्-अमारा इथे वेढ्यात अडकली. अन्न संपलं, घोडे मारून खाल्ले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यातले कितीतरी अनातोलियाकडे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाकडे, चालवत नेताना वाळवंटात मेले. पुढच्या मार्चमध्ये ब्रिटिश जनरल मॉड बगदादमध्ये शिरला आणि त्याने जाहीरनामा काढला: आमची सैन्यं तुमच्या शहरांत जेते किंवा शत्रू म्हणून आलेली नाहीत, मुक्तिदाते म्हणून आली आहेत. तीन वर्षांत, १९२० मध्ये, शिया आणि सुन्नी दोघेही त्या मुक्तिदात्यांविरुद्ध उठले. तो उठाव मोडायला कुमक गेली ती हिंदुस्थानातून. इराकी त्याला ‘सौरत अल्-इशरीन’ म्हणतात, विसाची क्रांती, आणि शाळेत शिकवतात. २००३ नंतर अमेरिकेशी लढणाऱ्या एका गटाने आपलं नावच १९२० च्या क्रांतीवरून घेतलं होतं.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे, त्यात हिंदुस्थानी फार मोठ्या संख्येने. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या खेड्यांतून पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. कुठे गेले होते, हे पाटी सांगत नाही.

अशा देशात २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे एक पूर्ण डिव्हिजन मागितली, सुमारे १७,००० जवान, मोसुलच्या बाजूच्या उत्तर भागासाठी. मोह खरा होता. अणुचाचण्यांनंतर वॉशिंग्टनशी संबंध नुकते सुधारत होते, पुनर्बांधणीची कामं मिळतील असं बोललं जात होतं, आणि दिल्लीत वजनदार माणसं पाठवण्याच्या बाजूची होती. त्यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. त्यांचा हिशेब होता की सरकारं विसरतात. तू काढलास तोच मुद्दा.

त्याआधी ८ एप्रिलला, बगदाद पडायच्या आदल्या दिवशी, लोकसभेने युद्धाविरुद्ध ठराव केला होता. शब्दावरून बरेच दिवस घोळ चालला. हिंदीत ‘निंदा’ ठेवला गेला, इंग्रजी मसुद्यात त्याहून मवाळ शब्द. आमच्या सेवेत या गोष्टीवर बरीच चर्चा झाली. घरच्या लोकांना निंदा ऐकू गेली, वॉशिंग्टनला खेद ऐकू गेला, आणि दोघांशीही बोलणं चालू राहिलं. मला यात लबाडी वाटत नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने विचार करून काढलेली वाट होती ती.

१४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारच्या सुरक्षाविषयक समितीने निर्णय घेतला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एरवी नाही. कारणांमध्ये देशाचं दूरचं हित, इराकी जनतेची काळजी आणि आखाताशी असलेले जुने संबंध यांचा उल्लेख होता. आखाताशी जुने संबंध म्हणजे काय, हे रत्नागिरी-रायगडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा तिथे तीसएक लाख भारतीय कामाला होते, आज जवळपास ९० लाख आहेत. ही माणसं छावणीत राहत नाहीत. त्यांना बाजारात जायचं असतं, बसने फिरायचं असतं, मालकाकडे पगार मागायचा असतो. मोसुलमध्ये भारतीय जवानाने एखादं दार फोडलं असतं तर ते दृश्य संध्याकाळी अल् जझीरावर आलं असतं, आणि दुसऱ्या सकाळी कुवेतमधल्या टॅक्सीत बसणाऱ्या चिपळूणच्या पोराने ते ऐकून घेतलं असतं.

त्याच्या बारा वर्षं आधी आपण याची छोटीशी चव घेतली होती. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने आखाताकडे जाणाऱ्या अमेरिकन लष्करी विमानांना इंधन भरू दिलं, मुंबईतही. एक सैनिक पाठवला नव्हता, नुसती इंधनाची नळी जोडली होती. तरी एवढा गदारोळ झाला की फेब्रुवारीत ते थांबवावं लागलं.

नकाराने सगळं वाचलं असं मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये मोसुलजवळ इस्लामिक स्टेटने ३९ भारतीय मजुरांना मारलं. आपलं सैन्य तिथे कधी गेलंच नव्हतं, तरी मारलं. त्यांच्या घरच्यांना २०१८ पर्यंत खरं कळलं नाही. त्याच दिवसांत तिक्रितमध्ये अडकलेल्या ४६ परिचारिका मात्र सुखरूप कोचीला परतल्या. पडद्यामागे कोणकोणत्या आखाती राजधान्यांत फोन झाले असतील याची मला कल्पना आहे, खात्रीने लिहिण्याइतकी माहिती नाही. एवढं सांगतो की ते फोन लावायला आपल्याकडे तोंड होतं.

तुला कदाचित वाटेल की मी सैन्य कधीच पाठवू नये असं सांगतो आहे. तसं नाही. आपणही मुस्लिम देशात सैन्य उतरवलं आहे. १९७१ चं सगळ्यांना माहीत आहे. त्यातलं कमी आठवलं जातं ते हे की शेख मुजीब यांनी विनंती केल्यावर भारतीय सैन्य १२ मार्च १९७२ ला ढाक्याहून निरोपाचं संचलन करून परत आलं, विजयानंतर तीन महिन्यांच्या आत. तरीही सौदी अरेबियाने बांगलादेशाला मान्यता दिली ती ऑगस्ट १९७५ मध्ये. राहिलो असतो तर काय झालं असतं, याचा अंदाज कर.

पण मला जास्त शिकवलं ते मालदीवने. ३ नोव्हेंबर १९८८ ला पहाटे भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी मालेवर कब्जा करायचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले आणि मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून आपले छत्रीधारी सैनिक इल्युशिन विमानांतून दोन हजारांवर किलोमीटर उडून हुलुले विमानतळावर उतरले. पहाटेपर्यंत गयूम सुरक्षित होते. ओलीस घेऊन पळालेलं जहाज आपल्या नौदलाने समुद्रात गाठलं. मग बहुतेक सैन्य लवकरच परतलं. छोटी तुकडी विनंतीवरून वर्षभर राहिली, तीही गेली. पुढे कित्येक वर्षं मालेत भारतीय म्हटलं की दुकानदार ती रात्र काढायचे.

आता २०२३ बघ. मालदीवमध्ये भारताची दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान होतं, ती चालवायला सुमारे ८० जण. काम काय, तर दूरच्या बेटावरच्या आजारी माणसाला मालेच्या रुग्णालयात आणणं. बंदूक रोखणं नाही, धाड नाही. तरी ‘इंडिया आउट’ या घोषणेवर निवडणूक लढवली गेली आणि मुइझ्झू जिंकले. १९८८ मध्ये सोळाशे जवान चालले, २०२३ मध्ये ऐंशी वैमानिक-तंत्रज्ञ चालले नाहीत. आपली म्हण आहे ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. गणवेशातल्या पाहुण्याला तर हे दुप्पट लागू. मे २०२४ पर्यंत गणवेशवाले परत आले, त्यांच्या जागी साधे नागरी तंत्रज्ञ गेले. विमानं तीच, रुग्ण तेच. पुढच्या वर्षी जुलैत मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते. फक्त गणवेश काढला तर एवढा फरक पडला.

असाच एक उलटा अनुभव अमेरिकेचा आहे. १ मे २००३ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ‘मोहीम फत्ते’ असा फलक मागे लावून भाषण केलं, ते अब्राहम लिंकन या विमानवाहू जहाजावर. तेच जहाज जानेवारी २००५ मध्ये सुमात्राच्या किनाऱ्यालगत उभं होतं, त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या आचेमध्ये पाणी, तांदूळ, औषधं पोहोचवत. आचे म्हणजे इंडोनेशियातला सर्वांत कडवा धार्मिक प्रांत. आपल्या नौदलाची जहाजंही तिथे गेली होती. इंडोनेशियाने आभार मानले आणि त्याच दमात सांगितलं की परकी सैन्यं तीन महिन्यांत परत जावीत. ती गेली. प्यूच्या पाहणीत अमेरिकेबद्दल बरं बोलणारे इंडोनेशियन २००३ मध्ये १५ टक्के होते, २००५ मध्ये ३८ झाले. जहाज तेच होतं, खलाशीही बरेचसे तेच असतील.

म्हणून माझ्यापुढे कधी अशी फाईल आली असती, तर मी धर्माचा रकाना आधी उघडला नसता. कोणी बोलावलं, आणि बोलावणाऱ्याला त्याच्या लोकांसमोर ते उघडपणे सांगता येतं का, हे विचारलं असतं. परतीची तारीख आज लिहून देता येते का, हे विचारलं असतं. रात्री लोकांच्या घरात कोण शिरणार, आपला जवान की तिथला पोलीस, हे तर नक्कीच. अफगाणिस्तानात राष्ट्राध्यक्ष करझाई आणि अमेरिका यांच्यात जे कायमचं फाटलं ते याच रात्रीच्या धाडींवरून. नोव्हेंबर २०१३ मध्ये लोया जिर्गाने, म्हणजे देशभरच्या मान्यवरांच्या महासभेने, सांगूनही करझाईंनी सुरक्षा करारावर सही केली नाही. त्याच अफगाणिस्तानात आपण झरंज-डेलाराम रस्ता बांधला, हेरातजवळ सलमा धरण बांधलं, काबूलला संसदेची इमारत बांधून दिली, लढाऊ सैन्य एकही नाही. तालिबान आल्यावर आपल्याला गाशा गुंडाळावा लागला, पण दहा महिन्यांत आपलं तांत्रिक पथक काबूलला परतलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दूतावास पुन्हा सुरू झाला. तालिबानशी माझं वैचारिक देणंघेणं काहीही नाही. काबूलमधल्या मुलींच्या बंद शाळांबद्दल मला रोज वाईट वाटतं. पण दार उघडं आहे, म्हणून निदान औषधं आणि गहू जातात.

शेवटी तू विचारलंस की नकार देऊन काय मिळवलं. एप्रिल २०१५ चं येमेन सांगतो. सौदी विमानं राजधानी सनावर बॉम्ब टाकत होती, शहर हूथी बंडखोरांच्या हातात होतं, आणि आपले हजारो लोक, त्यात परिचारिका फार, तिथे अडकले होते. दिल्लीहून सौदी राजाला फोन गेला. खाली हूथींनीही अडवलं नाही. दररोज ठरावीक दोन-तीन तास सनाचं आकाश भारतीय विमानांसाठी मोकळं ठेवलं गेलं. एअर इंडियाची विमानं समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतल्या जिबूतीहून उडायची, सनाला उतरायची, भरून परत यायची. तिथून हवाईदलाच्या मोठ्या विमानांतून माणसं मुंबईला आणि कोचीला. आपले साडेचार हजारांवर लोक निघाले, आणि त्यांच्याबरोबर ४१ देशांचे साडेनऊशेच्या आसपास परदेशी. त्यात अमेरिकन होते, ब्रिटिश होते. आपल्याच सरकारांची विमानं तिथे उतरू शकत नव्हती, म्हणून ते सनाच्या धावपट्टीवर आपल्या रांगेत उभे होते.